मावशीचा पाचू आणि माझं मेण

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढताना त्रास देत नसेल आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही वेळच्या वेळी घेत असाल, असं धरून चालते. (आजची घेतली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढे वाचा. मी थांबते.) मामींना माझा नमस्कार सांगा. नको, सांगू नका, कारण मग माझं पत्र आलं हे त्यांना कळेल. पत्र घरी न येता कॅरम क्लबच्या पत्त्यावर का आलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मी फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन मामी उचलतात, उचलला की स्पीकरवर टाकतात, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. बाकी आमच्याकडे सगळे ठीक आहेत. निदान रविवारी मोठी मावशी येईपर्यंत तरी ठीक राहतील.

मला खडे घासून दागिने करायचा नाद लागलाय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. विमा कचेरीत दिवसभर लोकांच्या नुकसानीचे अर्ज वाचून माझा स्वभाव भित्रा झाला, असं ह्यांचं म्हणणं. (स्वभाव मुळातच भित्रा होता म्हणून त्या नोकरीत टिकले, असं माझं.) गीझर कसा फुटतो, गादी कशी पेटते, शिडीवरून माणूस कुठल्या अंगावर पडतो, हे सगळं मला पाठ आहे. झोप उडाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी हाताने करा. विणकाम करून पाहिलं, पण सुया फार टोकदार असतात. शेवटी खड्यांच्या दागिन्यांच्या वर्गात नाव घातलं, जिथे गरागरा फिरणारं चाक, पेटता दिवा आणि पातळ झालेलं मेण असतं. डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही.

आता चाक आमच्या न्हाणीघरात आहे, कारण त्याला सतत पाण्याची धार लागते. (ह्यांना आंघोळीला जाताना परवानगी घ्यावी लागते. ते घेतात.) रीत अशी, की खडा दिव्यावर तापवायचा, लाकडी काडीच्या टोकाला मेण लावून त्यात तो बसवायचा आणि ती काडी हातात धरून खडा चाकावर घासायचा. आधी खरखरीत चाक, मग बारीक, शेवटी नमद्यावर, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या चकतीवर, चकाकी. झालं की काडी फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे गारठ्याने मेण ठिसूळ होतं आणि खडा टक्कन सुटतो. एकदा ह्यांनी हिरव्या खड्यांची पुडी मटार समजून भाजीत टाकली. दात शाबूत राहिले, पण तेव्हापासून आमच्याकडे भाजी आधी चमच्याने वाजवून बघतात आणि मगच खातात. पण मामा, धुळकट दगडातून पहिल्यांदा चकाकी वर आली ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला कशाचीच भीती वाटत नव्हती. म्हणून हे सगळं सांभाळून घेतलं सगळ्यांनी.

हे मोठ्या मावशीला कळलं, आणि इथून माझे ग्रह फिरले. तिच्या शाळेत तिचा सत्कार आहे, फोटो काढून मोठ्या दालनात लावणार आहेत, आणि फोटोत तिला अंगठी घालायची आहे. तीच, काकांनी दिलेली पाचूची. खडा अलीकडे धुरकट दिसायला लागलाय, कडेने पिवळट झालाय. मावशी आली, अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "चकचकीत करून ठेव. रविवारी नेईन." नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण तिने चष्म्यावरून पाहिलं आणि मी 'हो' म्हटलं. बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती ती. तिच्यासमोर आजही मी हात मागे बांधून उभी राहते, आणि मी पन्नाशीची आहे.

त्या अंगठीचं मोल तुम्हाला मी काय सांगावं. काका नवरा म्हणून कसे होते ते तुम्ही पाहिलंय. वजनकाटे तपासण्याची सरकारी नोकरी, उभा बाजार त्यांना टरकून असायचा, आणि घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही. गोड बोलणं तर सोडाच, मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत. मावशी म्हणते, आयुष्यात एकदाच त्यांनी न मागता काही आणलं, ते हे. बाहेरगावच्या त्या दुकानात काकांनी भिंगातून खडा पाहिला आणि तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून भाव पाडत होतात, ही गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता हेसुद्धा मला माहीत आहे. काका गेल्यापासून बोलता बोलता ती अंगठी बोटात फिरवत राहते. ते बोललेच नाहीत याचा हिशेब तिने त्या खड्यात मिटवलाय.

तर मी खड्याला धरून ठेवणारे अंगठीचे काटे हळूच उचलून खडा मोकळा केला. इथे माझी चूक झाली. वर्गातले सर पहिल्या दिवसापासून बजावत आले आहेत, की परका खडा तापवण्याआधी पाण्यात बुडवून बाजूने बघा, जोड असेल तर दिसतो. मी पाण्याची वाटी घेतली. खडा चिमटीत धरला. आणि वाटलं, काकांच्या खड्यावर संशय घ्यायचा? ज्या माणसाला अख्ख्या बाजारात कुणी फसवू शकलं नाही, त्याने आणलेला खडा मी वाटीत बुडवून तपासायचा? मेलेल्या माणसाचा हा अपमान आहे असं वाटून मी वाटी बाजूला ठेवली, दिवा पेटवला आणि खडा तापवला.

मामा, तो सरकला. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागावरून सरकला. मला आधी वाटलं डोळ्यांत पाणी आलंय. मग चिमट्यात एक पाण्यासारखा स्वच्छ तुकडा, काडीवर दुसरा तसाच स्वच्छ तुकडा, आणि मेणावर हिरवा ओघळ. दोन्ही तुकडे बिनरंगाचे. सगळा हिरवेपणा मधल्या डिंकात होता. मी खाली बसले, ती थेट न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर. ह्यांनी बाहेरून विचारलं, भाजलं का? मी म्हटलं, भाजलं असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगावं, तर मावशी म्हणेल मीच खडा बदलला, आणि मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. असे अर्ज मी रोज नामंजूर करते. पण ही भीती धाकटी. मोठी भीती अशी, की ती माझ्यावर विश्वास ठेवेल. मग काय? मग काका फसले, नाहीतर काकांना माहीत होतं. यातलं कुठलंही तिला कळलं की ती अंगठी काढून ठेवेल, आणि बोलताना तिची बोटं रिकामी राहतील. ते मला बघवणार नाही. दुकानात तुम्ही होतात, भिंग तुम्हीही डोळ्याला लावलं असेल, म्हणून तुम्हालाच विचारते. काकांना माहीत होतं का?

तुमचं उत्तर येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. काचेवर चित्रं काढायचा हिरवा रंग आणला, पारदर्शक डिंकात कालवला आणि दोन्ही तुकडे पुन्हा जोडले. पहिल्यांदा रंग औषधाच्या बाटलीसारखा झाला. दुसऱ्यांदा बुडबुडा राहिला. तिसऱ्यांदा श्वास रोखून जोडले, आणि वरून अगदी हलक्या हाताने, न तापवता, नमद्यावर फिरवलं. आता तो अंगठीत बसलाय. मला तो बरा दिसतोय, पण माझी नजर आता भ्रमिष्ट झालीय. काल कचेरीत साहेबांच्या टायपिनमधल्या खड्याकडेही मी बाजूने बघत होते.

तेव्हा मामा, हात जोडून विनंती, रविवारी कसंही करून या. काही बोलू नका, नुसते मावशीच्या शेजारी बसा. धाकटा भाऊ समोर असला की ती आधी तुम्हाला रागावते, आणि तेवढा वेळ मला पुरेल.

तुमची भेदरलेली भाची

ता. क. – पत्र टाकायला गेले आणि पेटीपाशी उभी राहून परत आले. क्लबमध्ये दुसऱ्याच कुणी फोडलं तर? उद्या टाकते.

ता. क. दुसरा – टाकलं नाही. आज रविवार. मावशी येऊन गेली, त्यामुळे तुम्ही यायची गरज उरली नाही. तिने अंगठी खिडकीपाशी नेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली. हे माझा दंड धरून उभे होते. मग तिने ती बोटात घातली आणि म्हणाली, "त्यांनी माझ्या बोटात घातली तेव्हा अशीच दिसत होती ग. मी विसरलेच होते." आणि मामा, मावशी रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही रडले, आणि हे पाणी आणायला गेले ते चुकून तीच, मी खडा न बुडवलेली वाटी भरून घेऊन आले. काकांबद्दल मी विचारलं होतं, ते विसरा. मला उत्तर नको. तिला खरा पाचू मिळाला तो मिळाला.

ता. क. तिसरा – जाताना मावशी म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे, मी सगळ्यांना सांगणार. तिने सांगितलंही, त्यामुळे आता माझ्या टेबलावर डब्या जमायला लागल्या आहेत. त्यांतली सगळ्यात वरची डबी मामींची आहे. त्यांनी कुणाच्या तरी हाती पाठवली, सोबत निरोप, की ही माझी लाल अंगठी, तुझ्या मामांनी काकांबरोबर त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतली होती. अलीकडे धुरकट दिसते, कडेने पिवळट झालीय, तर तुझ्या मावशीची केलीस तशी करून दे.

मामा, मी खडा अजून पाण्यात बुडवून पाहिलेला नाही. तुमचा अपमान होईल म्हणून. दिवा विझवून ठेवलाय. क्लबच्या फोनवरून मला फक्त एवढंच कळवा, तापवू का? नको असेल तर का ते सांगू नका. नुसतं कळवा, लाल रंग कितपत गडद होता.