शेवटचा राउटर

सोमवार, ३ तारीख
नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर विद्यापीठाच्या आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर. बायकोने खिडक्या उघडून पाहिल्या आणि आता पिशव्या सोडायला हरकत नाही, म्हणाली. चिमी रिकाम्या खोलीत रांगत होती, आपलाच आवाज घुमला की खुदखुदत होती.

काम सोपं आहे. नवं वायफाय चालू झालंय. जुनं एकेका इमारतीतून बंद करायचं. जुन्यावर अजून कोण आहे, हे कुणालाच धड माहीत नाही. विभागप्रमुखांना सगळे काका म्हणतात. त्यांची रीत अशी, की आधी बंद करायचं, मग कोण ओरडतं ते बघायचं. ओरडेल त्याला नवं यंत्र द्यायचं.

गुरुवार, ६
ग्रंथालयाचं बंद केलं. एका प्राध्यापकांचा प्रिंटर मुका झाला. त्यांनी मला फैलावर घेतलं. नवा मिळाल्यावर चहा पाजला.

तळघरातला एक राउटर मात्र काकांनी सोडायला सांगितला. त्याला काहीतरी जोडलेलं दिसतं, पण नाव नाही. तळघर रिकामं आहे, मी स्वतः पाहिलं. कारण विचारलं तर स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "असू दे रे. त्याला धरायला काहीतरी लागतं."

म्हातारा थट्टा करतो.

सवलत मीही घेतली आहे. चिमीच्या पाळण्याजवळचा मॉनिटर, तिचा आवाज बायकोच्या फोनवर ऐकवणारा, बहिणीने दिलेला, जुना. नव्यावर चालत नाही. आमच्या क्वार्टरपुरतं जुनं सगळ्यात शेवटी बंद करीन.

बुधवार, १२
काका रजेवर. तळघरातला राउटर काढून भंगारात दिला. कुणी ओरडलं नाही.

शुक्रवार, १४
प्रयोगशाळेतून तक्रार. जुन्या स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतंय, असं तिथल्या बाई म्हणाल्या. स्क्रीनवर पाहिलं. तेच, बिननावाचं, आता त्यांच्या राउटरला जोडलेलं. बंद केलं. शांत.

सोमवार, १७
आता वसतिगृह. तोच श्वास. सांगताना पोरं हसत नव्हती. तिथलंही बंद केलं.

आता जुनं कुठेच उरलं नाही. फक्त —

दुपारी
बायकोचा गच्चीवरून फोन आला, कपडे वाळत घालताना. लवकर कसा आलास, विचारत होती. चिमीजवळ बसलायस ना, मॉनिटरवर श्वास ऐकू येतोय.

मी ऑफिसात होतो.

संध्याकाळी
मॉनिटर उपटला. राउटर उपटला. चिमी जागी आहे. रडत नाही. एक मूठ हवेत, घट्ट, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. उघडत नाही. हात बर्फासारखा.

डॉक्टरांना काही कळलं नाही. काकांना फोन केला. तळघरातला राउटर कुठे आहे, विचारलं त्यांनी. मग म्हणाले, "दुसरं काहीतरी दे त्याला."

राउटर भंगारातून केव्हाच गेला. दुसरा जुना लावून पाहिला. सोडत नाही.

मंगळवार, १८
सकाळ. ओठ निळे पडलेत. दूध घेत नाही.

तिच्या मुठीवर माझा डावा हात ठेवला. घे, म्हणालो.

मूठ सुटली. चिमी रडली — मोठ्याने, नेहमीसारखी. बायको तिला घेऊन बाहेर गेली. मी आतून कडी लावली.

डावा हात टेबलाखाली आहे. तिकडे बघत नाही. उजव्याने लिहितोय.

मनगट. आता कोपर —

बायको दार वाजवतेय. बोल काहीतरी, म्हणतेय. कडी जुनी आहे, टिकायची नाही.

ओरडायचं नाही. ओरडलो तर ती आत येईल, माझा हात धरेल, आणि ते