वीस जानेवारीची लाल फुली

सोमवार, ३ मार्च २०२५

आज तीन वेळा! निळा पडदा, त्यावर ते रडवं तोंड, आणि वाचायच्या आत ऑफिसचं कॉम्प्युटर मशीन आपोआप परत चालू. तिसऱ्यांदा तर डाळिंबाची गाडी भरायच्या ऐन वेळी. लेबलं अर्धी छापून अडकली. शेडमधल्या बायका खोकी पुढ्यात घेऊन बसून राहिल्या.

राजलक्ष्मीला काढून तेरा दिवस झाले. ऑपरेटर गेली की मशीन सुधारेल असं मीच म्हणालो होतो. आमच्या शेतकरी कंपनीच्या मीटिंगमध्ये, चेअरमन जोतीराम तात्यांसमोर — "घरचा पेनड्राइव्ह लावते, व्हायरस आणते." पाहिलं होतं का मी? नाही. मॅनेजर म्हणून काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

मंगळवार, ४ मार्च

आज नीट बसलो. सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप रीस्टार्ट'ची टिक काढली, म्हणजे पडदा थांबेल आणि वाचता येईल. मग मशीनची स्वतःची नोंदवही — इव्हेंट व्ह्यूअर — उघडली. लाल खुणांची रांगच रांग! जिथं तिथं 'कर्नल पॉवर ४१'. वाटलं, सापडलं. अर्थ शोधला तर एवढाच — मशीन नीट बंद न करता बंद पडलं. ते मलाही माहीत आहे!

बुधवार, ५ मार्च

यूपीएस बदलला. तरी दोनदा पडलं.

गुरुवार, ६ मार्च

पडदा थांबला, वाचला. सकाळी मेमरीचं काहीतरी, दुपारी भलतंच. व्हायरस तपासला — एकही नाही.

मग मशीनला आजवर काय काय जोडलं त्याची यादी काढली. प्रिंटर, वजनकाटा आणि एक पेनड्राइव्ह. एकच. तो माझा.



शनिवार, ८ मार्च

विंडोजमध्ये एक तक्ता असतो, रोजचा दिवस मशीनला कसा गेला ते दाखवणारा. बिघाड झाला त्या दिवशी लाल फुली. मागं मागं गेलो. फेब्रुवारीत फुल्याच फुल्या. जानेवारीत कमी. पहिली फुली वीस जानेवारीला. एकोणीसला आणि त्याआधी कोरं.

याच वहीत वीस जानेवारी काढला. माझंच अक्षर — "ऑफिसच्या मशीनला रॅमची दुसरी पट्टी टाकली. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बायोसमध्ये, जाऊन मेमरीचा वेग वाढवला. काय पळतंय आता!"

मेमरीची चाचणी लावली. चुका निघाल्या. पट्टी काढली, वेग होता तसा केला, परत चाचणी. स्वच्छ.

मंगळवार, ११ मार्च

तीन दिवस एकदाही बंद नाही. तात्या खूश. "दिग्विजयराव, जमवलंत की!" मी मान हलवली. हलवायला नको होती.

रविवार, १६ मार्च

वरकुट्याला राजलक्ष्मीच्या घरी गेलो. जळोचीपासून गाडीवर पोचेपर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दारात सगळं विसरलो. राजलक्ष्मीच्या सासूबाई, कुशाबाई, मेथी निवडत होत्या. "या सायब. मशीन पुन्हा बिघाडलं व्हय?" त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

ती शेडनेटमधून आली, ढोबळी मिरचीची रोपं बांधायची सोडून. मी सगळं सांगितलं — पट्टी, वेग, तारीख. माफी मागितली.

"पेनड्राइव्ह माझ्याकडं न्हायच, सर. कधी घेतलाच न्हाय."

मग तीच म्हणाली, "इंदापुरात एका कॉम्प्युटर क्लासवर मला शिकवायला घेणार होते. त्यांनी तुमच्या हापिसात फोन करून विचारलं, आन् मग न्हाय म्हनले."

तो फोन मीच घेतला होता. जास्त काही बोललो नाही. "जरा जपून" — एवढंच! एवढ्यानं झालं.

निघताना म्हणाली, "हितं घरात येऊन सांगू नका सर. जितं म्हनलात तितं सांगा."

बुधवार, १९ मार्च

आजची मीटिंग तात्यांनी पुढं ढकलली. मला हायसं वाटलं. थू!

शनिवार, २२ मार्च

बोललो. मीटिंगला तक्त्याचे कागद छापून नेले होते. तात्या म्हणाले, "आता कशाला उकरून काढताय? मशीन चालतंय न्हवं?"

"चालतंय तात्या. पण चूक माझी होती, तिची नव्हती. तसं लिहून घ्या."

कुणी वर बघेना. शेवटी लिहून घेतलं. तिला परत बोलवायचंही ठरलं. इंदापूरच्या क्लासला तिथूनच फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी दुसरी बाई कधीच घेतली होती.

मंगळवार, २५ मार्च

राजलक्ष्मी आली. कामावर यायला नाही — ठरावाची नक्कल आणि अनुभवाचा दाखला न्यायला. दोन्ही दिलं. पोच म्हणून सही करताना म्हणाली, "ती वीस तारखेची फुली मला काढलं त्या मीटिंगच्या आदीच दिसली होती, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमचं नाव कसं घ्यायचं? म्हनून त्या दिवशी सकाळी तुमाला एकट्याला सांगायला केबिनमधी आले होते. तुमी म्हनलात, नंतर."

आली होती. आठवलं मला. मान वर न करता 'नंतर' म्हणालो होतो — मीटिंगमध्ये तिच्याविरुद्ध काय बोलायचं ते लिहीत होतो.