आईला कुठल्या होडीत बसवू?

ऊर्जानगर,
६ जानेवारी २०२५

ति. धनराजदादास,
दिव्याचा जय सेवा. वि. वि.

फोन लावला की तो आईच्याच हाताशी वाजतो, आणि मला आईबद्दलच बोलायचं आहे, म्हणून हे पत्र एटापल्लीच्या बसमध्ये पोचू नावाच्या कंडक्टरकडे देते आहे. इकडे रोशन मामाच्या क्वार्टरमध्ये सगळं ठीक आहे. मामी भात वाढताना हात आखडत नाही, त्यामुळे माझ्या वजनाने होडी बुडेल असं मामा रोज म्हणतो.

दादा, शिडाच्या होड्यांच्या निवड शर्यतीसाठी माझं नाव मुंबईला जाणार आहे. पण आमचे शिकवणारे अतुल सर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत घरून होकार आला तरच नेईन. आईला फोनवर विचारलं, तर म्हणे, पहिले मले होडी दाखव, तिच्यात बसव, मंग सांगीन. संक्रांत झाली की ती येते आहे.

इथल्या तलावावर दोन होड्या आहेत. जुनी लाकडी, माझ्याहून वयाने मोठी, बुडाला रुंद. वारा भरला तरी झुकत नाही, तिच्यात बसून खुशाल डबा खावा. पण उलटलीच तर पाणी भरतं आणि मग ती उठत नाही, दोर लावून काठावर ओढावी लागते. नवी फायबरची, अरुंद, दोघं जण उचलून नेतात. वारा लागला की अशी पळते की माझं मन भरत नाही! मात्र बसण्यात जरा चुकलं की आडवी. पण आतून पोकळ असल्याने ती बुडत नाही. तिच्या बुडातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून ओढलं की सरळ होते आणि पाणी आपोआप निघून जातं. शर्यत नव्या होडीचीच आहे.

आईला कुठल्या होडीत बसवू? बाबा पुरात त्यांच्या लाकडी नावेसकट, डोंग्यासकट गेले, तेव्हापासून तिच्यासमोर पाण्याचं नाव काढायची सोय नाही. तिने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. मला जायचं आहे दादा, फार जायचं आहे.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
दिव्या

*

१० जानेवारी २०२५

चि. दिव्यास,
दादाचा जय सेवा आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. धानाचे रचलेले पुंजणे चुरून मळणी अजून व्हायची आहे, त्यामुळे मी येऊ शकत नाही. आई एकटीच येईल, स्टँडवर मामाला वेळेवर उभं कर. तिने जवसाची चटणी एवढी बांधली आहे की अख्खी कॉलनी जेवेल.

तू डोंग्याला आईचं नवं लुगडं बांधून शीड केलं होतंस, आठवतं? बाबा हसत होते आणि आई काठी शोधत होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पोरगी घरात टिकणार नाही.

तू विचारतेस काय त्यात? जुन्या होडीत बसव. सावकाश एक चक्कर मार आणि उतरव. नव्या होडीवर ताडपत्री टाकून ठेव, तिचं नाक पण दिसू देऊ नको. बाबांचा डोंगा असाच भरवशाचा होता, कधी डुलला म्हणून नाही. आईला तसंच काही दिसलं तर ती हो म्हणेल.

थंडी सांभाळ. कमळा वहिनी विचारते, मुंबईहून तिला काय आणशील. माझं सांगणं पटलं नाही, राग आला तरी लिहीत राहा.

तुझा,
धनराजदादा

*

ऊर्जानगर,
१९ जानेवारी २०२५

ति. दादास,
दिव्याचा जय सेवा. वि. वि.

आई आज सकाळच्या बसने निघाली. हे पत्र तिच्यामागून येईल. माझ्या हातून सगळा घोटाळा झाला आहे.

काल तिला जुन्या होडीत बसवलं. पाय ठेवण्याआधी तिने पदराच्या गाठीतले तांदूळ पाण्यावर सोडले. लुगड्यावर लाइफ जॅकेट घातलेली आई बघून मामाने फोटोच फोटो काढले. होडी अशी शांत चालली की दुसऱ्या चकरेला आईने पाण्यात बोटं घातली. दादा, मला वाटलं जिंकलो आपण.

उतरल्यावर तिने विचारलं, शर्यतीले हेच नेशीन का? मला खोटं बोलता आलं नाही. मी नव्या होडीवरची ताडपत्री काढली. ती त्या होडीकडे बघून म्हणाली, चालवून दाखव.

मी निघाले. नीटच चालवत होते. पण आई बघते आहे म्हणून जरा जास्तच जोर केला, तेवढ्यात वाऱ्याचा झपाटा आला आणि होडी आडवी झाली. वर आले तेव्हा आईचा ओरडा ऐकू आला. ती गुडघाभर पाण्यात शिरली होती, मामा तिला मागून धरून होता. मी फळीवर चढले, ओढलं, होडी उठली. मी आत चढले आणि काय करावं सुचेना, म्हणून तिला हात हलवून दाखवला.

काठावर आल्यावर तिने पदराने माझं डोकं पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. बसमध्ये बसताना सुद्धा फक्त म्हणाली, जेवत जाय. मी फार रडले दादा. तू तरी तिला समजाव.

तुझी,
दिव्या

*

२४ जानेवारी २०२५

चि. दिव्यास,
दादाचा जय सेवा.

आई सुखरूप पोचली. तुझं पत्र वाचून मी समजवायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. आज खळ्यावर आम्ही तिघं होतो. धान पाखडता पाखडता तिनेच विषय काढला.

म्हणे, तुह्या बाबाचा डोंगा जलमभर डुलला नाई, म्हणून मले कधी घोर लागला नाई. एकदाच उलटला अन् उठलाच नाई. मी काठावरच होती, पाहत राह्यली. पोरीची होडी पडली तवा वाटलं, आता हेबी गेली. मंग तिचं डोकं दिसलं, होडी उठली, तिनं मले हात दाखवला.

एवढं बोलून ती सूप खाली ठेवून रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. वहिनीने तिला धरलं.

डोळे पुसून तिने मला निरोप लिहायला सांगितला, तो जसाच्या तसा लिहितो. तिले सांग, मुंबईले जाय, अन् त्या नव्या होडीतच जाय. जुनीत पाय ठेवू नको म्हणा. अन् जाईपर्यंत रोज एकदा ते होडी मुद्दाम पाडत जाय, अन् उठवत जाय.

अतुल सरांना आमचा होकार कळव. आमचा सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, त्याची आठवण असू दे.

तुझा,
धनराजदादा