शेगडी, सिलिंडर आणि वरच्या मजल्यावरची बादली

ती. मामा,

तुम्हाला आणि मामीला साष्टांग नमस्कार. (माझा पूर्ण वाकून, तुमच्या सूनबाईंचा उभ्याउभ्याच, कारण तिची कंबर धरली आहे. ती कशी धरली, तेच सांगायला हे पत्र.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल तर पत्र तिला वाचून दाखवा, नसेल तर मधला भाग गाळा. तुम्ही सारी नोकरी अग्निशामक दलात केलीत, त्यामुळे पुढचं वाचून तुमचा पारा चढणार हे मला ठाऊक आहे. फोनवर बोलणी ताबडतोब खावी लागतात. पत्राने ती निदान आठवडाभर लांबतात. म्हणून लिहितो आहे.

तर मामा, मी बाल्कनीत बार्बेक्यू केला.

आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या सहकाऱ्याची दुसऱ्या शाखेत बदली झाली आणि जाताना तो आपली लोखंडी शेगडी माझ्या गळ्यात मारून गेला. शेगडी कसली, रणगाडाच! तीन पाय, झाकण, धूर सोडायला भोकं. आमची बाल्कनी तुम्ही पाहिलीच आहे. कपड्यांचा स्टँड उघडला की माणसाने आत जावं आणि माणूस बाहेर आला की स्टँडने मिटावं, असा तिथला रिवाज. त्यात दोन कुंड्या, कडेने पारव्यांसाठी बांधलेली हिरवी जाळी आणि कोपऱ्यात भरलेला गॅस सिलिंडर. (हो, मामा. भरलेला. तुम्ही मागे म्हणाला होतात की तो तिथे नको. लक्षात होतं. फक्त लक्षातच होतं.)

बायकोने चिकनला आदल्या रात्रीच मसाला लावला होता, ढोबळी मिरची आणि कांदे चिरून ठेवले होते. माझ्याकडे फक्त कोळसा पेटवण्याचं काम. तो काही केल्या पेटेना. जुने पेपर जाळले, फुंकर मारमारून गाल दुखले, दुसऱ्यांना चष्मे देणाऱ्या माणसाला समोरचं दिसेनासं झालं. आणि मग मला ती दुर्बुद्धी सुचली. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, वायर लांब करून शेगडीच्या पोटाशी धरला आणि बटण दाबलं.

मामा, निखारा ही काय देखणी चीज असते हो! इतकी वर्षं तुम्ही ही नवलाई विझवत हिंडलात, पण एकदाही आम्हाला बोलला नाहीत. आधी काळ्यावर एक लाल रेघ उमटली, मग ती रेघ श्वास घ्यायला लागली, मग सबंध शेगडी आतून नारिंगी झाली, जणू कोणी तिच्या पोटात सूर्यास्त ठेवला होता. चिकनचा पहिला थेंब पडून चर्र झालं, धुराचा लोट उठला आणि मी ड्रायर हातात धरून देवळात उभा असल्यासारखा बघत राहिलो. बायकोसुद्धा दारात येऊन गप्प उभी राहिली. (ही घटना आमच्या संसारात दुर्मीळ.) त्या भरात मी बटण आणखी पुढे सरकवलं.

ठिणग्या उडाल्या. दिवाणखान्यात सोडलेल्या काजव्यांसारख्या दिसल्या, म्हणून मी त्यांचंही कौतुकच केलं. कौतुक संपेपर्यंत जाळी पेटली होती. प्लॅस्टिकची जाळी कशी पेटते ते तुम्हाला सांगायला नको; ती जळत नाही, गळते. जळते थेंब टपटप करत कोपऱ्याकडे निघाले. मी काय केलं? ड्रायर बंद केला आणि त्याची वायर गुंडाळू लागलो. का, ते मला आजही कळलेलं नाही.

"अहो, सिलिंडर!" एवढंच बायको ओरडली. पाण्याचा कॅन हलवायला मला हाका मारणारी ही बाई, माझ्या बगलेखालून घुसली, सिलिंडरला मिठी मारली आणि त्याला लहान मुलासारखं उचलून थेट स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत नेऊन ठेवलं. कंबर गेली ती तेव्हा. मला मात्र तिच्याकडे बघून वाटलं, आपण हिला आजवर भाजीची पिशवी हातात देताना उगाच जपत होतो.

सिलिंडर गेला तरी जाळी जळतच होती आणि ज्वाळा कपड्यांपर्यंत आल्या होत्या. आणि त्याच क्षणी, मामा, आकाशातून पाणी आलं. शिंतोडे नव्हेत, अख्खी बादली! आमची बाल्कनी वरच्यांच्या बाल्कनीपेक्षा हातभर बाहेर आहे. त्या हातभर जागेत, पेटलेल्या जाळीवर आणि खालच्या शेगडीवर, असा नेमका मारा झाला की एका दणक्यात सगळं थंड. वाफ, राख, आणि राखेत बसलेला मी.

वरून कर्फ्यू मावशींचा आवाज आला, "विझलं?"

"विझलं, मावशी!" मी रडतच ओरडलो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि बाल्कनीचं दार धाडकन लावून घेतलं. बास! ना गाजावाजा, ना उपदेश.

या मावशींबद्दल तुम्हाला सांगितलं पाहिजे. एकट्या राहतात. त्या जिन्यात दिसल्या की पोरं खेळ आवरतात, म्हणून हे नाव. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्याकडे गळतं यावरून आमचं बोलणंही बंद होतं. अशा बाईने क्षणात संकट ओळखावं, बादली उचलावी आणि असा नेम साधावा! आत उरलेलं चिकन बायकोने एका हाताने कंबर धरून तव्यावर भाजलं आणि मी ताट घेऊन वर गेलो. मावशींनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातच उभ्या राहून एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ बरं पडलंय."

सोसायटीचे सेक्रेटरी मला नोटीस द्यायला आले होते. वितळलेली जाळी आणि सिलिंडरच्या जागेचा गोल डाग बघून ते दोन पावलं मागे सरले. नोटीस त्यांनी दिलीच (बाल्कनीत विस्तव कायमचा बंद, मी मुकाट्याने सही केली), पण मग सरळ वर जाऊन मावशींच्या पाया पडले. आता सगळी इमारत त्यांच्या दाराशी जाते.

बाकी सर्व क्षेम. मामीला जपा.

तुमचा,
राखेतून उठलेला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. दोन आठवड्यांनी, रविवारी, सोसायटी मावशींचा सत्कार करणार आहे. शाल तुमच्या हातून द्यायची असं ठरलं आहे, कारण आगीतलं कळणारा माणूस आमच्या ओळखीत दुसरा नाही. गणवेशातला कोट होत असेल तर घालून या. त्यांच्या नेमाबद्दल चार शब्द बोला.

ता. क. २. मावशींच्या बाबतीत काही चुकीचं जायला नको, म्हणून पत्र आधी त्यांना वाचायला देतो आहे. त्या खाली जाताना पेटीत टाकतील.

ता. क. ३. हे अक्षर भाच्याचं नाही, माझं आहे. मी वरच्या मजल्यावरची. शुद्धलेखन ठीक आहे, मजकूर चुकला आहे. मी आग पाहिलीच नव्हती. उंचावरून खाली बघितलं की मला गरगरतं, म्हणून मी कधी वाकत नाही. गाद्यांच्या धुतलेल्या खोळी वाळत होत्या, त्यांना धुराचा वास लागला, म्हणून संतापून डोळे मिटले आणि बादली ओतली. तुमच्या भाच्याचा स्वयंपाक विझवायचा होता, तो विझला. बाल्कनीचं दार लावते न लावते तोच हा ताट घेऊन दारात, डोळ्यांत पाणी. काय बोलणार होते? तेव्हापासून रोज कोणीतरी बेल वाजवतं. काल समोरची सून काही काम नसताना तासभर बसून गेली. पूर्वी गॅसवाला सोडला तर कोणी येत नव्हतं. तुम्ही या धंद्यातले, समोर आलात की ओळखाल, म्हणून आधीच सांगते. सत्काराला जरूर या, भाषण आटोपतं घ्या, आणि नेमाचं चारचौघांत विचारलंत तर मला कमी ऐकू येईल. एरवी मला स्वच्छ ऐकू येतं. पाकीट मीच चिकटवलं आहे.