खुंटीवरचं सोनेरी हेल्मेट

९ जानेवारी

आलं! माझ्या खुंटीवर सोनेरी हेल्मेट!

सकाळी सरावाला गेलो तर सेप्पोने – आमच्या आइस हॉकी संघाचं सगळं सामान तोच बघतो – माझं निळं हेल्मेट काढून तिथे हे टांगून ठेवलेलं. गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून संघात ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याने सामन्यात हे घालायचं. इतकी वर्षं ते टुओमोच्या खुंटीवर असायचं. पस्तिशीचा गडी, दोन मुलींचा बाप. आणि आता एकोणीस वर्षांचा मी त्याच्या एका गुणाने पुढे! टुओमो स्केट्सच्या नाड्या आवळत म्हणाला, "अभिनंदन, आर्नी. केक कुठाय?" रिवाजच आहे, केक आणावा लागतो. दुपारी आणला. सगळ्यांनी बोटं चाटली. माझ्या घशाखाली एक घास उतरला नाही.

इथे कोण वाचतंय, खरं लिहितो. मी घाबरलोय.

१० जानेवारी

हेल्मेट सोनेरी का? प्रेक्षकांना लांबून दिसावं म्हणून. मग समोरच्या संघाला दिसत नाही होय!

ज्युनियरमध्ये आमचा कोच फळ्यावर पिवळा ठिपका काढायचा. "पोरांनो, पिवळ्याला ठोका. तो पडला की बाकीचे गळपटतात." आम्ही खिदळायचो. आता तो ठिपका मी.

ऑक्टोबरात तर माझं हेल्मेट साधं निळंच होतं. तरी ओउलूच्या संघातल्या त्या धिप्पाड बचावपटूने कोपऱ्यात मागून ठोकलं. डोकं मैदानाच्या कठड्यावर. उठलो तेव्हा छतावरचे दिवे दोन-दोन दिसत होते. कित्येक दिवस पडदे लावून पडून होतो. डॉक्टर म्हणाले, बरा झालास, खेळ. डोकं बरं झालं असेल. पण पकची काळी चकती कोपऱ्यात गेली आणि मागून स्केट्सची करकर ऐकू आली की पाय माझे राहत नाहीत.

सांगू कुणाला? करार एप्रिलात संपतो. घाबरट पोराला कोण ठेवून घेईल?

१३ जानेवारी

बाबाचा फोन. ट्रकमधूनच. जंगलातून लाकडं भरून कारखान्यावर नेतो, सामने ट्रकमधल्या रेडिओवर ऐकतो. माझ्या ज्युनियरच्या सामन्यांपासून एकही चुकवलेला नाही.

"हेल्मेट बघितलं पेपरात," म्हणाला. मग बराच वेळ नुसतं इंजिन. आमच्या घरात फोनवर गप्प बसणं हेही बोलण्यातच धरतात. शेवटी म्हणाला, "डोक्याला नीट बसतं ना?"

"बसतं."

"हं. मग ठीक."

ऊर भरून आला असणार त्याचा. कारखान्यावर सगळ्यांना सांगत सुटला असेल. ह्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू?

१६ जानेवारी

हरलो. दोनदा कोपऱ्यात जावं लागलं. दोन्ही वेळा डोळे घट्ट मिटले – आपोआप! त्यांचा एक जण शेजारून जाताना, "काय रे पिवळ्या, आईला आणलं नाहीस?" म्हणाला.

१७ जानेवारी

बाहेर उणे सव्वीस. सरावाला चालत गेलो, मुद्दाम लांबच्या वाटेने. सर्दी व्हावी, ताप यावा, काहीतरी व्हावं. साधी शिंकही आली नाही!

२१ जानेवारी

आज मी काय केलं ते इथेच लिहून ठेवतो.

टुओमोने लांबून फटका मारला. मी गोलसमोर उभा. पक माझ्या स्टिकला लागून वळला आणि आत! सेप्पो सांगतो, रेडिओवाला माझं नाव बेंबीच्या देठापासून ओरडला. रेफरी आला. "कुणाचा?"

मी म्हणालो, "टुओमोचा. मला लागलाच नाही."

डोक्यात सगळा हिशोब तयार होता. गुण सारखे होतील, टुओमोचे गोल जास्त, म्हणजे हेल्मेट त्याच्याकडे. मध्यंतरानंतर माइकवरून दुरुस्ती सांगितली. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या! कोच सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतात नम्रपणा." कान तापले माझे.

नंतर सौनाच्या वाफेच्या खोलीत टुओमोने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफेतून म्हणाला, "नक्की लागला नाही ना?"

"नक्की."

"बरं," म्हणाला, आणि आणखी एक पळी ओतली.

२२ जानेवारी

बाबाचा फोन. "टुओमोचा गोल चांगला होता." एवढंच. नवल वाटलं. रेडिओवाला तर अख्खं मध्यंतर माझंच नाव घेत होता म्हणे. बाबाचं लक्ष रस्त्यावर असेल. घसरडं आहे सगळीकडे.

२३ जानेवारी

गुरुवार. कँटीनमध्ये मटारचं सूप. तीन वाट्या प्यायलो. खुंटीवर माझं निळं हेल्मेट! किती दिवसांनी चव कळली जिभेला.

२८ जानेवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

घरचा सामना. पक कोपऱ्यात गेला. मी जवळ होतो, जायचं मलाच होतं. मागून करकर आली. मी पाऊल आखडलं. टुओमो माझ्या बाजूने पुढे गेला, डोक्यावर सोनेरी हेल्मेट – आणि समोरच्या संघाचा एक दांडगा सरळ त्याच्या अंगावर. हेल्मेट कठड्यावर आदळल्याचा आवाज आला. सगळा हॉल चिडीचूप. टुओमो हलेना. वर प्रेक्षकांत त्याची धाकटी "इस्कॅ! इस्कॅ!" करून बापाला हाका मारत होती.

माझ्या जागी तो. माझ्या हेल्मेटात तो.

२९ जानेवारी

शुद्धीवर आहे. मान शाबूत. देवा!

२ फेब्रुवारी

टुओमोच्या घरी गेलो. दारात त्याची बायको, मार्युक्का. वाटलं, तोंडावर दार लावेल. उलट म्हणाली, "बूट काढ, कॉफी घे. पण आत थोडाच वेळ बस. आणि हळू बोल, आवाज सहन होत नाही त्याला."

पडदे लावलेले. मला ती खोली ओळखीची वाटली – ऑक्टोबरात मी अशाच खोलीत होतो. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "टुओमो, तो गोल माझा होता."

"माहितीये की. मी मारलेला पक कुठे वळला हे मला दिसत नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू कोपऱ्यात डोळे मिटून जातोस, आर्नी. असा जाणारा मान मोडून घेतो. म्हटलं, राहू दे ते डबडं थोडे दिवस माझ्याकडे."

मी पलंगाच्या कडेला टेकलो. तोच पुढे बोलला. "घाबरतोस त्याचं काही नाही रे. मी इतकी वर्षं प्रत्येक कोपऱ्यात घाबरलोय. पण बघत बघत घाबरलोय."

"मला सांगायचंस तरी!"

"तू सांगितलंस का कुणाला?"

मी रडलो. अंधार होता ते बरं झालं. उठताना विचारलं, परत कधी खेळशील? म्हणाला, "आज धाकटीच्या वर्गशिक्षिकेचं नाव आठवेना. सकाळपासून आठवतोय. अजून नाही आठवलं."

बाहेर मार्युक्काने ओतलेली कॉफी गार झाली होती. तशीच प्यायलो. ती मुलींच्या ओल्या हातमोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

३ फेब्रुवारी

हेल्मेट माझ्या खुंटीवर परत. टुओमोनंतर गुण माझेच ना. सेप्पोने ते नवं कोरं आणलंय, जुन्याला चीर गेली. "मापाचं आहे," म्हणाला आणि पाठ फिरवून स्केट्सना धार लावू लागला.

उद्या सामना. ओउलूशी. तोच धिप्पाड बचावपटू. आता नको म्हणायचं तर ते कुणाच्या डोक्यावर ढकलू? आणि घालून डोळे मिटले तर? काही सुचत नाही. भीती वाटते, भीती वाटते, भीती वाटते.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

बाबाला मीच फोन केला. एका दमात म्हणालो, बाबा, मला कोपऱ्यात जायची भीती वाटते, माझे डोळे मिटतात.

पलीकडे इंजिन. मग तेही बंद झालं.

"आर्नी," म्हणाला, "ऑक्टोबरपासून मी तुझा एकही सामना ऐकलेला नाही. सुरू झाला की रेडिओ बंद करतो, ट्रक कडेला लावतो आणि तू नीट आहेस असा आईचा फोन येईपर्यंत स्टिअरिंग धरून बसतो. बाकीचं सकाळी पेपरात वाचतो."

मग म्हणाला, उद्या हॉलवर येतो. खेळलास तर बघेन, सगळं बघेन. कोचला नाही म्हणून सांगायचं असेल तर शेजारी उभा राहीन.

ये, म्हणालो.