वहीत नसलेली आज्ञा

सर, धागा तुटेपर्यंत ताणून त्याची ताकद मोजणारं आपल्या लॅबमधलं यंत्र मंगळवारी पुन्हा चालू झालं. मी केलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही, आणि तो ज्याच्यावर आहे त्यालाच सांगावा म्हणून लिहितोय.

हेब्बाळच्या त्या कारखान्यात मी लागलो तेव्हा सांगलीहून आलेला बारावी पास माणूस होतो, पुस्तकं वाचून सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला. यंत्र नवीन होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा, फार हळू चालायचा. मी स्वतःचा लिहिला, न विचारता. त्या काळी आपल्याला माहीत असलेला मार्ग एकच, थेट कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याच्या, आत शिरायचं. आणि आत मेमरीतला एक पत्ता चुकला की अख्खा संगणक बसतो. बसला. पडदा निळा झाला, सकाळपासूनच्या चाळीस नमुन्यांचे आकडे गेले. चाळीस नाही, अडतीस. दोन कागदावर होते. तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांसमोर शांतपणे, तुमच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणालात, "नोडप्पा, बघ बाबा, पुस्तक वाचून सायकल पण येत नाही की. तू सुम्ने, गुपचूप केबल लाव. आत हात घालायचं काम शिकलेल्या लोकांचं." दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये मी 'केबल इंजिनिअर'. ते नाव तुम्ही ऐकत होतात, थांबवलं नाहीत.

निवृत्त होताना तुम्ही मला ती निळी वही दिलीत. बारीक, सरळ अक्षर. "यंत्राच्या सगळ्या आज्ञा आहेत यात. पाच. सहावी शोधत बसू नको, नाहीये." मी ती प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवली होती, हेही सांगतो.

यंदा लॅबचा जुना संगणक मेला. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, नव्या संगणकावर लिनक्स, त्यावर कंपनीचा जुना ड्रायव्हर चालत नाही. मॅनेजर म्हणाला, "भंगारात काढू." मी पंधरा दिवस मागून घेतले. आता आत शिरावं लागत नाही. ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखा बाहेरच चालवता येतो. चुकला तर तो एकटा पडतो, बाकीच्या संगणकाला पत्ता लागत नाही. यूएसबीची तयार लायब्ररी घेतली, यंत्र शोधलं, ताब्यात घेतलं, तुमची पहिली आज्ञा पाठवली. गेली. उत्तराची एक सेकंद वाट पाहिली. शून्य बाइट. पाचही आज्ञांना शून्य. केबल बदलली, एका सेकंदाचे पाच केले, बाइटांचा क्रम उलटवून पाहिला. सहाव्या दिवशी माझी खात्री झाली की तुम्ही एक आज्ञा लपवलीत. केबल लावणाऱ्याला सगळं कशाला द्यायचं, असं म्हणत.

त्याच रागात मी कुवेंपुनगरला तुमच्या घरी गेलो आणि चप्पल काढता काढताच म्हणालो, "काकू, सरांनी वहीतलं एक पान काढून ठेवलंय." त्या म्हणाल्या, "असेल बाबा. पूर्ण सांगायची सवयच नव्हती ह्यांना. बीपीची गोळी चालू केलेली, ती पण मला औषधवाल्याकडनं कळली." गुडघे दुखत असताना त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका उतरवून घेतल्या. दोन दिवस एकेक कागद पाहिला. फोन करून म्हणाल्या, "सापडत नाही रे. ह्यांच्या वतीनं मी माफी मागते."

मग मी एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर कंपनीचा ड्रायव्हर आणि त्याच्यामार्फत आज्ञा पाठवणारा, तुम्ही लिहिलेला प्रोग्राम घातला आणि तारेवरून काय काय जातं ते नोंदवलं. तुमच्या पहिल्या आज्ञेच्या आधी एक छोटी विनंती गेली: बावीस हेक्स, किंमत तीन. अर्थ एवढाच की मी आलोय, ऐकतोय. ती मिळाल्याशिवाय यंत्र तोंड उघडत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली, चौसष्ट बाइट आले.

तुमचा प्रोग्राम मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ती विनंती त्यात नाही. कंपनीचा ड्रायव्हर ती परस्पर पाठवत होता, तुम्हाला न सांगता. म्हणजे तुम्ही काही लपवलं नव्हतं. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आत तुम्हीही कधी गेला नव्हतात, सर. तुम्हीसुद्धा केबलच लावत होतात, आणि मला मात्र अडतीस नमुन्यांसाठी चारचौघांत जागा दाखवलीत. लपवलं असतंत तर एक वेळ चाललं असतं.

मंगळवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला. "झालं का रे चालू? पान कुठं होतं?" मी म्हणालो, "झालं, काकू." पानाचं बोललोच नाही. त्यांना वाटलं मी अजून रागात आहे. त्यांनी पुन्हा माफी मागितली, आणि मी ती मागू दिली.