घोडे धरणारा

मंगळवार, संध्याकाळ. शारजा.

जेवताना सईने तिची ती काउबॉयची सिरीयल लावली होती. गावात कोर्ट नाही. चार जण जमतात, एकाला चोर ठरवतात आणि फाशी द्यायला झाडाकडे नेतात. त्यांच्यातला एक जण दोराला हात लावत नाही, फक्त घोडे धरून उभा राहतो.

सई म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट दे आस्क हिम?"

मी म्हटलं, जेव आधी.

आम्ही तरी सावंतला कुठे विचारलं? सहा वर्षं तो पाटील, नायर आणि माझ्याबरोबर माझ्या गाडीतून जबल अलीच्या ऑफिसला येतोय. आम्ही ऑफिसातून लवकर निघतो हे मॅनेजरला त्यानेच सांगितलं, असं काल परतताना ट्रॅफिकमध्ये ठरून गेलं. सावंत काल रजेवर होता. पाटील म्हणाला, "खलास, उद्यापासून त्याला घ्यायचं नाही." नायरने मान डोलावली. मी आपला गाडी चालवत होतो.

आज सकाळी साडेपाचला तो नेहमीसारखा लाँड्रीसमोर उभा होता, हातात डबा. गाडी बघून त्याने हात वर केला. मी वेग कमी केला नाही. वाढवलाही नाही, हे स्वतःला किती वेळा सांगणार? घोडे धरणाऱ्यानेही काही केलं नव्हतं.

वाटलं होतं, चिडून फोन करेल. मग मलाही चिडता आलं असतं. आत्ता मेसेज आलाय: "दादा, सकाळी अंधारात मी दिसलो नसेन तुम्हाला. उद्या मोबाइलचा टॉर्च लावून उभा राहतो."